उभ्यानं बघू नये

आम्हाला जपानी शिकवणाऱ्या चिनेन सेनसेईंच्या खांद्याला कायम एक निळी कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत घडीचं एक छोटं स्टूल. गळ टाकून दिवसभर बसणारे लोक वापरतात, तसलं. मला आधी वाटलं, बाईंची पंचाहत्तरी उलटलीय, गुडघे दुखत असणार. नंतर कळलं की त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. वर्गाच्या जिन्यावर मी धापा टाकत असायचे आणि त्या वरून विचारायच्या, "जाधव-सान, पोचताय ना?"

स्टूल होतं ते बसलेल्या माणसांसाठी. समोरचा बसलेला असला की सेनसेई उभ्यानं त्याच्याशी बोलत नसत. पिशवीतून स्टूल काढायचं, उघडायचं, त्याच्या डोळ्यांना डोळे येतील असं बसायचं आणि मगच तोंड उघडायचं. मग तो वर्गातला विद्यार्थी असो, बागेतल्या बाकावरचा म्हातारा असो, नाहीतर स्टेशनबाहेर फतकल मारून रडणारं पोर असो.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. उरायासुत येऊन मला पंधरा दिवस झाले होते. नवरा सकाळी सातला टोकियोची गाडी पकडायचा, तो रात्रीच उगवायचा. लेक सई चार वर्षांची. जपानी शिकावं म्हणून मी कोमिनकानमध्ये गेले. कोमिनकान म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर म्हणा, फक्त इथं चपला रांगेत असतात. तिथला कारकून मला फॉर्म देऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि मला कळेना तसा त्याचा आवाज चढत गेला. जोरात बोललं की भाषा समजते, हा समज जगभर आहे. पुण्यात परदेशी पाहुण्याशी बोलताना आपणही तेच करतो. मी बाकावर मान वर करून बसलेले, सई मांडीवर रडकुंडीला आलेली. तेवढ्यात एक ठेंगणी, जाड भुवयांची बाई आली, स्टूल उघडून माझ्यासमोर बसली आणि कारकुनाला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. तो बिचारा गुडघ्यांवरच बसला. काय म्हणाल्या ते मला सहा महिन्यांनी समजलं, कारण तोवर ते वाक्य मी पंचवीस वेळा ऐकलं होतं. "बसलेल्या माणसाकडे उभ्यानं बघू नये."

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी घाईघाईत "अनुजा" म्हटलं. त्यांनी मान हलवली. पूर्ण. अनुजा मंदार जाधव. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या जिभेला 'व' जमेना, म्हणून खालचा ओठ दातांखाली धरून दोन मिनिटं सराव केला. मग वहीत एका कोऱ्या पानाच्या माथ्यावर लिहिलं. त्या वहीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान होतं. नेपाळी, ब्राझिलियन, फिलिपिनो, आणि आम्हा भारतीयांची तर रांगच. नाव तीनदा म्हटल्याशिवाय त्या कुणाला वर्गात घेत नसत आणि तुमचं नाव त्यांना नीट आलं नाही तर चूक त्यांची, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

त्या मूळच्या ओकिनावाच्या. उभा जन्म ओसाकात गणवेशांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर गेला, नवरा वारल्यावर मुलाजवळ राहायला इकडे आल्या. एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि जास्त विचारलं की म्हणायच्या, "पुढचा धडा." एक गोष्ट मात्र लक्षात यायची. त्या फोटोत नसत. वर्षअखेरच्या पार्टीत सगळे रांगेत उभे राहिले की सेनसेई सगळ्यांच्या पर्स सांभाळत बाजूला. फोटो काढतही नसत. एकदा मी लाडात येऊन फोन पुढे केला, तर त्यांनी तो माझ्या हातासकट खाली केला. रागावल्या नाहीत. नुसता खाली केला.

नावाचं त्यांचं वेड सोयीचं होतं तसं गैरसोयीचंही. आमच्या इमारतीत कचऱ्याच्या जागी एकदा पाटी लागली, 'भारतीय रहिवाशांनी कचरा वेगळा करावा.' मी वर्गात तावातावानं सांगितलं. सेनसेई दुसऱ्या दिवशी हजर. केअरटेकर खुर्चीत बसला होता, म्हणून यांनी स्टूल उघडलं आणि त्याला विचारलं, "भारतीय म्हणजे कोण? नाव नाही का?" तो गोंधळला, पाटी काढली. मी विजयी चेहऱ्यानं आभार मानले. लिफ्टपाशी त्यांनी विचारलं, "पिशवी कुणाची होती?"

"माझीच," मी म्हटलं.

"मग त्याला जाऊन सांगा, मी जाधव, चुकलं. चूक एका माणसाची असते." आणि मला परत पाठवलं. त्या केअरटेकरनं नंतर मला प्लास्टिक कुठलं आणि जळाऊ कुठलं याची अर्धा तास शिकवणी दिली. ती मात्र उभ्यानं.

अशा बाईला मी जे दाखवलं, ते आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

आमच्या शहरात शरदात आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. आमच्या मराठी मंडळाचा तिथं दरवर्षी लेझीम आणि वडापाव. त्या वर्षी अध्यक्ष शिरीषदादा म्हणाले, "बोअर झालंय यार. यंदा काहीतरी हटके करू." शिरीषदादा पुण्याच्या पेठेतले, बँकेच्या सिस्टिमवर बारा वर्षं इथं, आणि गणपतीच्या दिवसांत त्यांना जे होतं ते औषधानं बरं होणारं नव्हे. "जिवंत देखावा," ते म्हणाले. "लहानपणी बघायचो ना आपण? लोक तासन् तास रांगेत. इथे कुणी पाहिलंच नसेल."

विषय ठरला आदिवासी पाडा. दिसायला देखणा, कपड्यांचा खर्च कमी, आणि पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात वारली माणसं काढणाऱ्या तीन जणी तयारच होत्या. त्या मीटिंगला आम्ही चौदा जण होतो, सगळे पुण्या-मुंबईचे, आणि एकाच्याही मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी तर उत्साहानं हात वर करून जात्यावरची बाई झाले. सई तेव्हा सात वर्षांची. ती सूप घेऊन पुढे बसणार होती.

समोर दोरी लागणार होती आणि जपानी पाटीची जबाबदारी माझ्यावर. मी एक वाक्य लिहिलं आणि बुधवारी सेनसेईंकडून तपासून घेतलं. 'मांडलेल्या वस्तूंना कृपया हात लावू नये.' त्यांनी लाल पेन्सिलीनं एक अक्षर बदललं, वाक्य आणखी नम्र केलं.

"मातीची भांडी वगैरे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"हो, तसंच," मी म्हटलं. "तुम्ही याच बघायला. सरप्राइज आहे."

मेळ्याच्या दिवशी सकाळी तंबूत आम्ही एकमेकींच्या हातापायांना आमच्या रंगापेक्षा दोन छटा गडद फाउंडेशन फासलं. सई कुरकुरली, "यादा." नको म्हणून. मी म्हटलं, "गप गं, नाटक आहे." हलायचं नाही, बोलायचं नाही, पापणीसुद्धा कमी लववायची, हा देखाव्याचा नियम तिला मीच शिकवला. शिरीषदादा तिरकमठा घेऊन एका पायावर उभे राहिले.

गर्दी जमली. आम्हाला हवी होती तेवढी, त्याहून जास्त. दोरीपलीकडे पाय दिसत होते आणि वर कॅमेरे. एक बाई दुसरीला विचारत होती, ही माणसं खरी आहेत का. एक गृहस्थ बायकोला समजावत होते की तिकडे अजूनही असेच राहतात. मी जात्याचा खुंटा धरून स्थिर होते आणि मनात म्हणत होते, अहो, आम्ही तसे नाही, आमचं पुण्यात तीन बेडरूमचं घर आहे. तेवढ्यात एका छोट्यानं हातातला तांदळाचा कुरकुरीत तुकडा सईसमोर टाकला. खाते का बघायला. लोक हसले. प्रेमानंच हसले. सई हलली नाही, कारण मी सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि तेही तिनं गालावर तसंच वाहू दिलं.

सेनसेई त्या पायांच्या रांगेत होत्या. कधीपासून, मला माहीत नाही. त्यांनी पाटी वाचली. स्वतःचं वाक्य. मग त्या दोरीखालून वाकून आत आल्या आणि स्टूल न काढता सईच्या शेजारी मातीच्या रंगाच्या चटईवर बसल्या. लोकांनी त्यांचेही फोटो काढले. तो तुकडा त्यांनी उचलून खिशात टाकला आणि समोरच्या मोठ्या कॅमेऱ्यावाल्याला म्हणाल्या, "माझं नाव चिनेन साचिको. ही जाधव सई. आपलं नाव?"

जपानी माणसाला असं विचारल्यावर उत्तर न देणं जमत नाही. त्यानं कॅमेरा खाली केला, नाव सांगितलं, वाकला आणि निघून गेला. मग शेजारच्या बाईला. मग त्या छोट्याच्या आईला. दहा मिनिटांत दोरीपलीकडे कुणी उरलं नाही.

शिरीषदादा एक पाय खाली टेकवून दबक्या आवाजात म्हणाले, "अनुजा, हू इज शी? तिला सांग ना प्लीज, आपला स्लॉट चारपर्यंत आहे."

मी सांगितलं नाही. तंबूत गेले. सेनसेई सईला घेऊन आल्या आणि रुमालाला तेल लावून तिचा चेहरा पुसू लागल्या. रुमाल तपकिरी होत गेला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मीच आधी बोलले, आणि तेही चिडून. "आमच्याकडे गणपतीत हे असतंच. कुणी वाईट मानत नाही."

"तुमच्या मंडळात त्या लोकांपैकी कुणी आहे?"

"नाही."

"त्यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं?"

"नाही."

त्या सईचे कान पुसत राहिल्या. मग, वर्गातला धडा सांगावा तशा सपाट आवाजात त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्यांच्या आजीला एक मोठी बहीण होती, नाबे. तरुण होती, मागावर हात चांगला होता. मुख्य जपानात मोठं प्रदर्शन आहे, तिथं विणून दाखवायचं, असं सांगून तिला बोटीत बसवलं. तिथं माग नव्हता. गवताची झोपडी होती, चटई होती, आणि छडी घेतलेला माणूस होता. तो छडी तिच्याकडे करून लोकांना सांगायचा, ही बघा तिकडची बाई, हे हिचे केस, हे हिच्या हातावरचं गोंदण. शेजारच्या झोपड्यांत उत्तरेकडच्या बर्फातले लोक, तैवानच्या डोंगरातले, आणखी कुठकुठले. ज्या ज्या मुलखावर कुणाची ना कुणाची सत्ता होती, तिथले. तिकीट काढून आलेले लोक उभे. हे सगळे बसलेले.

"तुमच्याकडचेही होते," सेनसेई म्हणाल्या. "नाबेच्या शेजारीच एक बाई. पाटीवर फक्त 'भारत' लिहिलेलं."

"कुठली होती? भारतात कुठली?"

"पाटीवर 'भारत' लिहिलेलं," त्यांनी परत सांगितलं.

बातमी ओकिनावाच्या बेटांवर पोचली तेव्हा तिथल्या शिकलेल्या लोकांनी गहजब केला. आमच्या बायकांना असं बसवता? नाबेला परत पाठवलं गेलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर सेनसेईंनी हात थांबवला. "ते काय लिहीत होते माहितेय? आम्हाला त्या रानटी लोकांच्या रांगेत बसवता? आम्ही तसे नाही. एवढंच. रांग चूक आहे असं फार कुणी म्हटलं नाही. नाबे उठली. बाकीचे बसून राहिले."

दोरीआडून मी मनात काय म्हणत होते, ते मला त्या क्षणी आठवलं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

नाबे गावी परतली, पण ती दाखवून आलेली बाई होती. आजूबाजूच्या गावांतून लोक तिला बघायला यायचे. ती घराच्या मागच्या बाजूलाच राहिली, तिथंच विणलं, लग्न झालं नाही. आजी सांगायची की नाबे छडीवाल्याबद्दल कधी बोलली नाही. बोलायची ती त्या शेजारच्या बाईबद्दल. थंडीत त्या बाईनं कुडाच्या फटीतून स्वतःच्या अंगावरचं अर्धं फडकं तिच्याकडे सारलं होतं. नाबे निघाली तेव्हा घाईत निघाली. "तिचं नाव विचारायचं राहिलं," हे ती मरेपर्यंत म्हणत होती.

सई मधेच म्हणाली, "नान दे?" का, म्हणून. का नाही विचारलं.

सेनसेईंनी रुमालाची घडी केली. "जाधव-सान, तुम्ही आज ज्यांचे कपडे घातलेत, त्यांच्यापैकी कुणाला ओळखता?"

मला एकदम आठवलं आणि बरं वाटलं, की हो, ओळखते. माझ्या मावशीच्या कर्जतच्या घरी कामाला एक बाई यायची. मी पाच वर्षांची असल्यापासून कॉलेजात जाईपर्यंत. मे महिन्यात करवंदं आणायची, माझ्या पायातला काटा तिनंच काढला होता. मी ते सगळं भराभर सांगितलं.

"त्यांचं नाव?"

आम्ही तिला कातकरीण म्हणायचो. "कातकरीण आली का", "कातकरणीला चहा दे." तेरा-चौदा वर्षं.

सेनसेईंनी वही काढली, माझं पान उघडलं, माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडून खूण केली. "शुकुदाई," त्या म्हणाल्या. गृहपाठ.

मी त्याच रात्री कर्जतला फोन लावला. मावशी म्हणाली, "कोण गं? कातकरीण? नाव असेल की काहीतरी. आता हे काय खूळ तुझं? ती तर केव्हाच गेली. तो पाडाच उठला, तिथं फार्महाउसं झालीत." मुलं? कुठे वीटभट्टीवर गेली असतील. मी मामांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारायला लावलं, एका सुट्टीत स्वतः जाऊन दोन दिवस हिंडले. तिच्या हातची करवंदं सगळ्यांना आठवत होती.

दर बुधवारी धडा संपला की सेनसेई विचारायच्या, "शुकुदाई?" मी म्हणायचे, "अजून नाही." त्या मान डोलवायच्या. आमच्यात बाकी काही बिघडलं नाही. मला बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात काम मिळालं ते त्यांनी अर्ज लिहून दिला म्हणून, आणि अर्ज लिहितानाही त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. पण तो प्रश्न कधी चुकला नाही, आणि तीन वर्षं माझं उत्तरही बदललं नाही. मंडळानं पुढच्या वर्षी पुन्हा लेझीम आणि वडापाव केलं. शिरीषदादा मला म्हणाले, "झालं ते झालं, तू फार मनाला लावून घेतेस." झालं ते झालं खरं. सईनं मात्र त्यानंतर मला तिचा फोटो काढू दिला नाही.

मग साथ आली, वर्ग बंद पडले आणि सेनसेईंना अर्धांगाचा झटका आला. मुलानं त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथं आत जायची बंदी. भेट काचेतून, दहा मिनिटं, आधी नाव नोंदवून. मी सईला घेऊन गेले. सई दहाची झाली होती, माझ्या खांद्याला लागत होती.

इमारतीमागे खडी घातलेलं अंगण होतं आणि तळमजल्याला मोठी काच. काचेआड चाकाच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीत एक म्हातारं माणूस. गळ्यात कार्ड, त्यावर खोलीचा नंबर. काचेबाहेर नातेवाईक उभे. हात हलवत होते, फोनवर फोटो काढत होते, मुलांना उचलून दाखवत होते. कुणाचं काही चुकत नव्हतं. सगळे आपापल्या माणसाला भेटायला आले होते. सेनसेई शेवटच्या खुर्चीत होत्या आणि त्यांनी मान खाली घातली होती.

मी खडीवर बसले. पँट ओली झाली. सईही बसली. आता सेनसेई आमच्याहून उंच होत्या. काही वेळानं त्यांनी मान वर केली, आमच्या जागी रिकामं पाहून गोंधळल्या आणि मग खाली त्यांना आम्ही दिसलो. मास्कच्या वर त्या जाड भुवया हलल्या. सेविकेनं त्यांच्या कानाला फोन लावला, बाहेरचा मी घेतला.

"नाव?" त्यांनी विचारलं. ओळखलं होतं की नव्हतं, कोण जाणे. मी पूर्ण नाव सांगितलं. सईनं तिचं सांगितलं. त्यांनी दोन्ही नावं म्हटली. 'व' स्वच्छ आला. मग श्वास घेत, तुटक, त्या म्हणाल्या, "शुकुदाई?"

त्यांच्या मांडीवर वही होती. सेविकेनं माझं पान काढून दिलेलं मला काचेतून दिसलं. माझ्या नावाखालची ओळ तशीच कोरी. त्या माझ्याकडे बघत होत्या. दहातली सहा मिनिटं संपली होती.

"सोनाबाई," मी म्हणाले.

कुठून आलं ते नाव, मला माहीत नाही. बरं वाटलं कानाला, एवढंच.

"सो-ना-बा-ई," त्यांनी म्हटलं. एकदा, दोनदा, तीनदा. "त्यांनी स्वतः सांगितलं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले आणि काचेपलीकडून मान लववली. मला नाही, त्या नावाला. सेविकेनं ते वहीत लिहून घेतलं. वेळ संपली तशी खुर्ची वळली. जातानाही त्यांचा मास्क हलत होता. विसरू नये म्हणून त्या ते म्हणत होत्या.

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. वही मुलानं त्यांच्याबरोबर पेटीत ठेवली, आणि इथं पेटीसकटच दहन करतात, म्हणजे ती जळाली. ती मी दिलेलं नाव घेऊनच जळाली.

पण त्या दिवशी अंगणात मी अजून खडीवरच होते. सई उठून पँट झटकत होती. तिनं वरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, सोनाबाई कोण?"

मी हातातला फोन पुसायला घेतला. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती पुन्हा माझ्यासमोर खाली बसली, डोळ्यांना डोळे येतील अशी, आणि तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.